व्हिएन्नात परिषदेला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा संपता संपता रेडिओलॉजिस्ट मंडळींची युरोपियन काँग्रेस ऑफ रेडिओलॉजी आणि एप्रिल-मेच्या सुमारास भूशास्त्र, हवामान, जलविज्ञानवाल्यांची युरोपियन जिओसायन्सेस युनियनची महासभा. दोन्ही व्हिएन्नात भरतात आणि दोन्हींचं ठिकाण एकच, ऑस्ट्रिया सेंटर व्हिएन्ना. पुणे, मुंबई, नागपूरहून निघणाऱ्यांचे प्रश्नही दर वर्षी तेच असतात. शोधनिबंधाचं तुमचं तुम्ही बघा. इथे फक्त व्हिसा, मेट्रो, जेवण आणि रविवार.

व्हिसासाठी अर्ज कधी करायचा?

नियमाप्रमाणे प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत. यातला दुसरा आकडा वाचून निवांत होऊ नका. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि अपॉइंटमेंट मिळायलाच कधी कधी आठवडे जातात. मार्च ते मे हा सुट्टीत युरोपला निघणाऱ्यांचा मोसम असतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या परिषदेला जाणारे नेमके त्याच गर्दीत सापडतात. निबंध स्वीकारल्याचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट शोधायला लागा. अनुदानाची मंजुरी येईपर्यंत थांबू म्हणणारे बरेचदा मंजुरी घेऊन घरीच राहतात.

ऑस्ट्रियाचे अर्ज भारतात व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रांमार्फत घेतले जातात. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे (जून २०२४ पासून), वर केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. बोटांचे ठसे एकदा दिले की साधारण पाच वर्षं चालतात, पण केंद्रावर पुन्हा बोलावलं तर वाद घालू नका, जा.

कागदपत्रांमध्ये लोक नेमकं कुठे अडकतात?

यादी केंद्राच्या संकेतस्थळावर असतेच: निमंत्रणपत्र, नोंदणीची पावती, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र, आयकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, राहण्याचं आणि विमानाचं आरक्षण. अडचण यादीत नसते, ती कागद एकमेकांशी जुळत नाहीत यात असते. ना-हरकत पत्रात रजा पाच दिवसांची आणि विमानाचं तिकीट अकरा दिवसांचं, असं दिसलं की समोरच्याला शंका येणारच. खर्च कोण करणार हे एका वाक्यात स्पष्ट असलं पाहिजे. संस्था, अनुदान देणारी यंत्रणा की स्वतः? तिघं मिळून करणार असाल तर कोण किती, तेही लिहा. विद्यार्थी असाल आणि वडिलांचं बँक स्टेटमेंट जोडत असाल, तर त्यांचं सहीचं पत्र हवं.

प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) चालणारा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवासाचा हेतू परिषद असाच लिहा. ‘पर्यटन सोपं पडतं’ असा सल्ला देणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या.

आधीच्या तीन वर्षांत दोनदा शेंगेन व्हिसा घेऊन नियमाने परत आला असाल, तर भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सवलतीनुसार दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. जुने व्हिसे असलेल्या पानांच्या प्रती जोडा.

परिषद झाल्यावर प्राग किंवा बुडापेस्ट करता येईल का?

येईल, आणि वेगळा व्हिसा लागणार नाही. अर्ज मात्र जिथे मुख्य मुक्काम किंवा मुख्य काम आहे त्या देशाकडे करायचा. सगळीकडे मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. पाच दिवस परिषद आणि तीन दिवस प्राग असेल तर ऑस्ट्रियाच.

बुडापेस्ट रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत येतं, प्रागला चार तासांच्या आसपास लागतात. हंगेरीत फोरिंट आणि चेकियात कोरुना चालतं, युरो नव्हे. एकच दिवस हाताशी असेल तर स्लोव्हाकियाचं ब्रातिस्लावा घ्या. रेल्वेने तासाभरावर, चलनही युरोच, सकाळी जाऊन रात्री परत. पासपोर्ट खिशात हवाच. शेंगेनच्या आतल्या सीमांवरही अधूनमधून तपासणी होते.

इमिग्रेशन व्हिएन्नात होईल की वाटेत?

शेंगेनच्या ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथे. दुबई, दोहा, इस्तंबूलमार्गे गेलात तर व्हिएन्नात. फ्रँकफर्ट, म्युनिक, झ्युरिकमार्गे गेलात तर तिथेच. म्हणून फ्रँकफर्टला सव्वा तासाचं कनेक्शन कागदावर कितीही छान दिसलं तरी घेऊ नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या नोंदणी पद्धतीत शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि प्रवासाची नोंद संगणकात होते. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो. मधल्या थांब्याला अडीच-तीन तास असू द्या.

निमंत्रणपत्र, हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट छापून हातातल्या पिशवीत ठेवा. फोनवर आहे म्हणेपर्यंत फोनची बॅटरी संपलेली असते.

खाण्याचं काय नेता येतं? मित्राने हापूस मागवलाय.

हापूस नाही. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं, भाज्या नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना. कढीपत्त्याची जुडीही त्याच नियमात अडकते. मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर, श्रीखंडाचा डबा सगळं घरीच. चिकनचं लोणचं तर नकोच.

चालतं ते असं: भाजणी, चटण्या, कोरडे मसाले, चिवडा, शंकरपाळी, दाण्याचे लाडू (तूप न घातलेले), पोहे, मेतकूट. लोणचं चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत गुंडाळून. ते गळलं तर ब्लेझरचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख जवळ असेल तर जाहीर करावी लागते, पण तो प्रश्न संशोधकांना सहसा पडत नाही.

विमानतळावरून शहरात कसं यायचं?

श्वेखाट विमानतळ शहराच्या आग्नेयेला साधारण १८ किलोमीटरवर आहे. बाहेर येताच हिरव्या रंगाच्या सिटी एअरपोर्ट ट्रेनच्या, म्हणजे कॅटच्या पाट्या दिसू लागतात. ती सोळा मिनिटांत, कुठेही न थांबता वीन मिटे स्थानकात सोडते. जलद आहे हे खरं. पण साध्या एस७ लोकलपेक्षा तिचं तिकीट तिपटीच्या घरात आहे, एस७ तिथेच पंचवीसेक मिनिटांत पोचते, आणि वीन मिटेला यू१ मेट्रो नाही. म्हणजे ज्यादा पैसे मोजूनही बॅगा घेऊन गाड्या बदलायच्याच.

परिषदेला जाणाऱ्यांसाठी दोन सरळ वाटा आहेत. एस७ ने वीन मिटेच्या पुढे प्राटरश्टेर्नपर्यंत या आणि तिथे यू१ पकडा, लेओपोल्डाऊच्या दिशेची. तिसरं स्टेशन कायझरम्यूलेन, तिथेच ऑस्ट्रिया सेंटर. किंवा विमानतळावरून रेलजेट गाडीने पाव तासात हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्थानकावर या. तिथेही यू१ आहे. दोन मोठ्या बॅगा आणि सोबत ज्येष्ठ प्राध्यापक असतील तर टॅक्सी करा. उबर आणि बोल्टही चालतात.

विमानतळ शहराच्या तिकीट-क्षेत्राबाहेर आहे. शहराचा पास आधीच काढला असेल तरी हद्दीबाहेरच्या टप्प्याचं तिकीट वेगळं लागतं.

राहायचं कुठे? ऑस्ट्रिया सेंटरच्या शेजारीच हॉटेल घेऊ का?

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण अख्ख्या आठवड्याचा आराम यावर ठरतो.

ऑस्ट्रिया सेंटर डॅन्यूबच्या पलीकडच्या काठावर, बाविसाव्या जिल्ह्यात आहे. शेजारी संयुक्त राष्ट्रांच्या इमारती (१९७९ मध्ये सुरू झालेलं व्हिएन्ना इंटरनॅशनल सेंटर, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं मुख्यालय इथेच), भोवती काचेचे उंच मनोरे. दिवसा माणसांनी भरलेला हा भाग संध्याकाळी सात वाजल्यावर ओस पडतो. सकाळी साडेआठला पोस्टर लावायचं असणाऱ्यांना इथलं हॉटेल सोयीचं, पण रात्री जेवायला तुम्ही पुन्हा मेट्रोनेच शहरात जाणार. शिवाय परिषदेच्या आठवड्यात या हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात. एकट्या जिओसायन्सेसच्या महासभेलाच पंधरा हजारांहून जास्त माणसं येतात.

त्यापेक्षा नकाशावर यू१ ची लाल रेघ काढा आणि तिच्या स्टेशनांपासून चालत पाच-सात मिनिटांत येणारं काहीही घ्या. प्राटरश्टेर्न आणि नेस्ट्रॉयप्लात्स हा दुसऱ्या जिल्ह्यातला भाग माझ्या मते सगळ्यात उत्तम: परिषदेला मेट्रोने पाच-सात मिनिटं, शहराच्या मध्यालाही तेवढीच, खाण्याच्या जागा भरपूर. हाउप्टबानहोफ आणि केपलरप्लात्स थोडे स्वस्त, पंधरा मिनिटांवर, आणि प्रागला किंवा बुडापेस्टला पुढे जायचं असेल तर फारच सोयीचे. श्टेफान्सप्लात्सच्या आसपास राहणं म्हणजे हौस. परवडत असेल तर करा. उलट्या दिशेला, काग्रान ते लेओपोल्डाऊ, पर्यटक फिरकत नाहीत, म्हणून तिथे खोल्या बऱ्यापैकी दरात मिळतात.

पत्त्यावरून भाग ओळखायची युक्ती सोपी आहे. पिनकोडचे मधले दोन आकडे म्हणजे जिल्हा: १०१० म्हणजे पहिला, १०२० म्हणजे दुसरा, १२२० म्हणजे बाविसावा. ‘सेंट्रल व्हिएन्ना’ असं लिहून १२३० चा पत्ता देणाऱ्या जाहिरातीला फसू नका. तो शहराचा दक्षिणेकडचा पार शेवटचा जिल्हा आहे.

चौघांनी मिळून स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं तर खर्च निम्म्यावर येतो आणि वरणभातही होतो. फक्त घरमालकाकडून नाव-पत्त्यासह आरक्षणाचा कागद घ्या, व्हिसासाठी लागतो. आणि जुन्या इमारतींत लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. इथला तिसरा मजला आपल्या हिशेबाने चौथा किंवा पाचवाही निघू शकतो, कारण तळमजल्यावर ‘मेझानिन’ नावाचा आणखी एक मजला दडलेला असतो.

मेट्रोचं तिकीट कसं काढायचं?

स्टेशनवरच्या यंत्रात इंग्रजी आहे, किंवा वीनमोबील ॲपवर. मेट्रो, ट्राम, बस आणि शहरातली लोकल सगळ्यांना एकच तिकीट चालतं. २०२६ च्या सुरुवातीला दर बदलले आहेत, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांतले आकडे विसरा आणि मुक्कामाच्या दिवसांना जुळणारा पास तिथे बघून घ्या. परिषदेच्या आठवड्यात सुटी तिकिटं काढत बसणं महागच पडतं.

स्टेशनात फाटकं नाहीत, कोणी अडवत नाही. म्हणून तिकीट लागतच नाही, असा समज करून घेऊ नका. साध्या कपड्यांतले तपासनीस येतात आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे. कागदी तिकिटावर तारीख छापलेली नसेल तर फलाटावर जाण्याआधी लहान खोक्यात घालून ठसा उमटवून घ्यायचा. न उमटवलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांची. आणि मेट्रोत खाण्याला २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा ठेपल्याचा डबा स्टेशनाबाहेर उघडा.

शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर मेट्रो चालते. इतर दिवशी साडेबाराच्या सुमारास बंद होते. नंतर रात्रीच्या बस असतात.

रविवारी पोचतोय. काही अडचण?

हो. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, आणि बंद म्हणजे बंद. किराणा, कपडे, चपला, मोबाइलचं दुकान, काही उघडं नाही. शनिवारीही संध्याकाळी सहाला शटर खाली. महासभेचं स्वागत रविवारी संध्याकाळी असल्याने अर्धी भारतीय मंडळी रविवारीच उतरतात, आणि दूध, पाव, मोबाइलचं सिम शोधत फिरतात.

अपवाद मोठ्या स्थानकांवरची सुपरमार्केटं. हाउप्टबानहोफ, प्राटरश्टेर्न, वीन मिटे आणि विमानतळ इथे रविवारीही उघडी असतात, गर्दी लोकलसारखी. बेकऱ्या आणि उपाहारगृहं मात्र बरीच चालू असतात. १ मेलाही तीच गत, तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस. २०२५ ची महासभा २७ एप्रिल ते २ मे होती, म्हणजे रविवार आणि १ मे दोन्ही एकाच आठवड्यात आले होते. तुमच्या वर्षीचं कॅलेंडर बघून घ्या, ईस्टरचा सोमवारही त्यात तपासा.

शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. शहरात व्हेगन चळवळ जोरात आहे. मेन्यूवर ‘व्हेगेटारिश’ आणि ‘व्हेगान’ असं ठळक लिहिलेलं असतं, फलाफल आणि पिझ्झा कोपऱ्याकोपऱ्यावर, भारतीय उपाहारगृहंही पुष्कळ. फसगत होते ती पारंपरिक ऑस्ट्रियन पदार्थांत, जे दिसतात शाकाहारी आणि असत नाहीत.

पहिला सापळा सूप. रव्याच्या गोळ्यांचं किंवा पॅनकेकच्या पट्ट्यांचं सूप बघून आपल्याला हायसं वाटतं, पण त्याचं पाणी बहुतेक वेळा गोमांसाच्या हाडांचं असतं. दुसरा सापळा क्न्योडेल, म्हणजे उकडलेले गोळे: पालकाचे आणि चीजचे असतात, तसे आत डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेलेही. तिसरा म्हणजे बटाट्याचं सॅलड, त्यातही मांसाचं पाणी घालायची पद्धत आहे. विचारायला लाजू नका. ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय, पण एवढ्याने भागत नाही, सुपाचं पाणी कशाचं हेही विचारावं लागतं.

मनसोक्त खावं असं: चीज घातलेले केझश्पेट्झले, म्हणजे उकडलेल्या पिठाचे छोटे मऊ तुकडे (तळलेल्या कांद्यासकट), पालकाचे क्न्योडेल, मशरूमची भाजी, आणि गोडात सफरचंदाचं अप्फेलश्ट्रूडेल. कायझरश्मार्न ही तुकडे केलेल्या जाड धिरड्यासारखी गोड डिश आहे, झ्वेच्केन म्हणजे आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबर देतात. अंडं न खाणाऱ्यांना ती आणि बहुतेक केक वर्ज्य, झाखरटोर्टेसुद्धा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी घर घेऊन स्वयंपाक करणंच बरं.

मांसाहारी मंडळींसाठी इतकंच की वीनर श्निट्झेल नावाने मिळतं ते वासराचं, म्हणजे गोवंशाचं मांस असतं. स्वस्तातलं बहुधा डुकराचं. कोंबडीचं हवं तर तसं सांगा.

दुपारी ऑस्ट्रिया सेंटरच्या आतल्या रांगेत अर्धा तास घालवण्यापेक्षा बाहेर पडा. हवा चांगली असेल तर सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळं घेऊन पुढच्या स्टेशनावर, आल्टे डोनाऊच्या काठी जाऊन खाणं परवडतं. प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि पेयांच्या कॅनवर २०२५ पासून २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की परत मिळतात.

बाटलीबंद पाणी विकत घ्यावं का?

मुळीच नाही. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या आणि १९१० मधल्या दुसऱ्या जलवाहिनीतून. पहिल्या योजनेमागे जे होते ते एडुआर्ड झ्यूस भूवैज्ञानिक होते, आणि प्राचीन महाखंडाला गोंडवाना हे नाव त्यांनीच रूढ केलं. चंद्रपूर-वणीच्या गोंडवाना कोळशावर काम करणाऱ्यांनी श्वार्त्सेनबेर्गप्लात्सवरचं मोठं कारंजं जरूर बघावं. ते त्याच जलवाहिनीच्या पूर्ततेसाठी उभारलेलं आहे. रिकामी बाटली जवळ ठेवा, रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

रोख किती न्यावी?

कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी लहान कॅफे, सॉसेजच्या टपऱ्या आणि बाजारात रोखच मागतात. दीड-दोनशे युरो रोख आणि बाकी कार्डावर, हे पुरतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा, आपल्याकडे ते मुळात बंद असतात. यंत्राने ‘रुपयांत आकारू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा दर नेहमी त्यांच्या सोयीचा असतो. पर्यटकांच्या गर्दीत उभी असलेली बिनबँकेची एटीएम टाळा.

टिप पाच ते दहा टक्के. टेबलावर ठेवून उठायची पद्धत नाही. पैसे देताना एकूण किती घ्यायचे ते सांगायचं. बिल २७ चं असेल तर ‘तीस’ म्हणा.

फोनचं काय करू?

ई-सिम घ्या, पण भारतीय सिम बंद करू नका. कार्डाने पैसे भरताना ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो, आणि रोमिंग बंद असेल तर हॉटेलच्या काउंटरवर उभं राहून घरच्यांना फोन करायची वेळ येते. भारतीय सिमवर रोमिंग फक्त एसएमएसपुरतं सुरू ठेवा, डेटा ई-सिमवर. ऑस्ट्रियातलं प्रीपेड सिम घ्यायचं तर पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते.

घरी फोन करताना: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेतीन तास पुढे, एरवी साडेचार.

चार्जर बसेल का?

मोबाइलचा दोन बारीक पिनांचा बसतो. लॅपटॉपची आपली तीन पिनांची केबल बसत नाही. ॲडॉप्टर मुंबईतूनच घेऊन जा. विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट.

कपडे?

फेब्रुवारी-मार्चला जाड कोट, टोपी, हातमोजे. एप्रिल-मेमध्ये एकाच दिवशी ऊन, पाऊस आणि बोचरा वारा तिन्ही भेटतात, तेव्हा थरांवर थर घाला आणि वरून पाऊस अडवणारं जाकीट. डॅन्यूबच्या काठावर वारा जरा जास्तच. बूट आरामाचे असू द्या, पोस्टर हॉल भलेमोठे आहेत.

आजारी पडलो तर?

पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, फक्त ‘अपोथेके’ लिहिलेल्या औषधाच्या दुकानात, आणि ती रविवारी बंद. आळीपाळीने एखादं चालू असतं. कुठलं, ते १४५५ वर कळतं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय अजिबात नाही. रोजची औषधं, ताप-पोटाच्या गोळ्या आणि औषधांच्या मूळ नावांसकट डॉक्टरांची चिठ्ठी घरूनच न्या. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४५०, रुग्णवाहिकेसाठी १४४, पोलिसांसाठी १३३, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

शहर सुरक्षित आहे का?

एकट्या मुलीने रात्री दहाला मेट्रोने यावं इतकं. खिसेकापू मात्र गर्दीच्या स्टेशनांवर असतात, आणि परिषदेचं ओळखपत्र गळ्यात लटकवून फिरणारा माणूस लांबून ओळखू येतो. बाहेर पडताना ते काढून ठेवा. ऑपेराजवळ मोझार्टच्या वेशात तिकिटं विकणारे भेटतील. ती तिकिटं पर्यटकांसाठीच्या मैफलींची असतात, ऑपेराची नव्हेत. खऱ्या श्टाट्सओपरमध्ये उभ्याने ऐकायची स्वस्त जागा असते, तिची चौकशी तिथेच करा.

पासपोर्ट हरवला तर पोलिसात तक्रार आणि मग भारतीय दूतावास. तो ऑपेराजवळ केर्न्टनर रिंगवर आहे.

सायकलींच्या मार्गावरून चालू नका. इथले सायकलस्वार शांतताप्रिय नाहीत.

शौचालयांबद्दल कोणी सांगत नाही.

पाण्याची सोय नसते, कागदच. ओल्या कागदी रुमालांची पाकिटं न्या किंवा लहान बाटली जवळ ठेवा. स्थानकांवर नाणं टाकावं लागतं, तेव्हा ५० सेंटची दोन-चार नाणी खिशात हवीत.

एकच मोकळी दुपार आहे. काय बघू?

शोनब्रून राजवाडा सगळे सांगतील, आणि तिथे सगळेच भेटतील. शास्त्रज्ञ असाल तर नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जा. उल्कापाषाणांचा त्यांचा संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्या प्रदर्शित संग्रहांत गणला जातो, आणि १९०८ मध्ये सापडलेली विलेनडॉर्फची व्हीनस ही अश्मयुगीन मूर्तीही तिथेच आहे. भौतिकीवाल्यांनी ७१ क्रमांकाच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत जावं. बोल्ट्झमानच्या समाधीवर एन्ट्रॉपीचं सूत्र कोरलेलं आहे. पाऊस असेल तर कॉफीहाऊस. एका मेलान्जवर (दूध घातलेली कॉफी) दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही, पाण्याचा पेला सोबत येतो, आणि सादरीकरणाच्या स्लाइड्स सुधारायला याहून चांगली जागा नाही.

पोस्टर कागदी न्यावं की कापडी?

कापडी. घडी घालून बॅगेत जातं, नळकांडं विमानात विसरायची भीती नाही. आकार परिषदेच्या सूचनांत बघूनच छापा. जिओसायन्सेसच्या महासभेचे फलक आडवे असतात, आणि उभं पोस्टर आणणारे दर वर्षी दिसतात.

परत आल्यावर बिलासाठी काय काय लागेल?

बोर्डिंग पास. चारही, छापील. फोनवरचा पास स्कॅन झाला की निम्म्या वेळा गायब होतो, तेव्हा काउंटरवरून कागदी मागून घ्या आणि पासपोर्टमध्ये ठेवा. त्याबरोबर हॉटेलचं पैसे मिळाल्याचं बिल (आरक्षणाचं पत्र चालत नाही), नोंदणीची पावती, विमा, व्हिसा शुल्काची पावती, विमानतळाच्या रेल्वेचं तिकीट आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र. सरकारी पैशाने जात असाल तर विमानाचं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या मान्य संस्थांकडूनच काढलेलं हवं. स्वस्त मिळालं म्हणून दुसरीकडून काढलंत तर लेखा विभाग ऐकून घेत नाही. थर्मल कागदावरच्या पावत्या महिन्याभरात पांढऱ्या होतात, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. बिलावर युरोचा कोणता दर धरायचा, हे निघण्याआधीच लेखा विभागाकडून लेखी घ्या.